बहिरूनं टॉवर मोजला

बहिरूच्या मशीनला पिंपळदऱ्यात लाडू म्हणतात. मूठभर पांढरा गोळा, त्याला वीतभर दांडी आणि दांडीच्या बुडाशी हातात मावेल असं यंत्र. मोबाइलच्या टॉवरमधून जी लहर हवेत सुटते तिचा जोर त्या गोळ्याला कळतो अन् खालच्या काचेवर आकडा उमटतो. ऑफिसात त्या गोळ्याला प्रोब म्हणतात. पण गावानं एकदा नाव ठेवलं की ऑफिसचं काय चालतंय.

पिंपळदरं चांदवडच्या पल्याड, मनमाडकडं जाताना डोंगराच्या कुशीला आहे. गावाचा देव बहिरोबा. त्याच्या आईनं, कुसाबाईनं, नवस बोलला होता, म्हणून पोराचं नाव बहिरू. पोरगं शिकलं, ओझरच्या कारखान्यात अप्रेंटिस राहिलं, आणि तिथून रिटायर झालेल्या दिवाकर सरांनी सातपूरला लहानशी लॅब काढली तेव्हा सरांच्या मागं तिकडं गेलं. लॅबचं काम एकच, टॉवर मोजायचे. नाशकात बहिरूला लोक भैरव सर म्हणतात. तोही हरकत घेत नाही.

काम वरवर सोपं दिसतं. गच्चीवर जायचं, लाडू धरायचा, आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी बहिरूनं तसंच केलं होतं. पंचवटीतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर त्यानं आकडा घेतला, हातभर सरकून पुन्हा घेतला, तर निम्मा आला. अजून हातभर सरकला, तर दुप्पट. त्याला वाटलं मशीन बिघडलं. सर कठड्यावर बसून शेंगदाणे खात होते.

"मशीन नाही बिघडलं," ते म्हणाले. "तो पाण्याच्या टाकीवरचा पत्रा बघ. लहर टॉवरकडून सरळ येते, आणि पत्र्यावर आपटून दुसरी येते. दोघी जिथं एका दमात भेटतात तिथं जोर वाढतो, जिथं एकमेकींना अडवतात तिथं मरतो. आता तू कुठं उभा आहेस?"

"इथं. मशीनजवळ."

"तेच. तू म्हणजे खारं पाणी भरलेली पखाल. थोडी लहर तू पितोस, थोडी परत फेकतोस. आपलं अंग मोजून येशील आणि टॉवरचं नाव सांगशील."

त्या दिवसापासून बहिरू तीन पायांच्या लाकडी तिकाटण्यावर लाडू बसवायला शिकला. लोखंडाचं तिकाटणं चालत नाही. बसवायचा आणि लांब जायचं. आकडा क्षणाक्षणाला नाचतो, म्हणून सहा मिनिटं चालू ठेवायचा आणि त्याची सरासरी घ्यायची. एका जागेवर भागत नाही, गुडघ्याच्या, छातीच्या, डोक्याच्या उंचीला घ्यायचा. आणि सगळ्यात आधी काय, तर आपला मोबाइल बंद. मशीनला टॉवर कोणता आणि खिशातला फोन कोणता हे कळत नाही. जे जवळ ओरडेल ते त्याला मोठं. हे सगळं बहिरूला पाठ होतं. झोपेतून उठवलं तरी म्हणाला असता.

गावात टॉवर होता तो भागीबाईच्या जागेत. भागीबाई एकटी बाई, नवरा गेल्यावर पिठाची गिरणी तीच चालवते. गिरणी पुढं, मागं मोकळी जागा, त्या जागेत टॉवर. ती कुसाबाईची मैत्रीण, म्हणून बहिरूची मावशी. बहिरूच्या लग्नाची हळद तिनंच दळली होती. त्या दिवशी जात्याचे दगड खोलून धुतले होते, म्हणजे हळदीला ज्वारीचा वास लागू नये.

यंदा गावात डोंगळ्यांनी घात केला. डोंगळे म्हणजे कांद्याच्या बियाचं पीक. पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात, त्यावर मधमाशा बसल्या तर बी भरतं, नाही बसल्या तर गोंडा पोकळ. यंदा माशा फिरकल्याच नाहीत. एकाचंही बी धड भरलं नाही. गावानं विचार केला, यंदा नवीन काय झालं? तर टॉवर. फवारणीही यंदा दुप्पट झाली होती, पण फवारणी ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं केली होती. टॉवर भागीबाईचा होता.

उपसरपंच राकेशनं बहिरूला फोन लावला.

"भैरव सायेब, आपल्या गावचा मानूस मशीन घिऊन अख्खा जिल्हा मोजतो, अन् आपलाच टॉवर मोजायचा राह्यला व्हय?"

"राकेशभाऊ, त्याला रीत असते. अर्ज करा, मग..."

"अर्ज परक्याला करत्यात. थांब, नाना बोलत्यात."

नाना म्हणजे बहिरूचा बाप, दगूनाना. नाना फोनवर फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "ये रं. पंच म्हनत्यात तर ये. मी हायेच."

बापाच्या आवाजात कधी नव्हती ती ऐट होती. जन्मभर ग्रामसभेत मागच्या भिंतीला टेकून बसलेला माणूस. त्याला आज पंच बोलावत होते. बहिरू नाही म्हणू शकला नाही.

सरांनी मशीन दिलं. देताना म्हणाले, "गावातलं मोजणं वाईट. माणसं लांब ठेव, मोबाइल बंद करायला लाव. ऐकत नसतील तर चहा पी आणि परत ये."

"हो सर."

गावात पारावर पोचला तर सतरंजी अंथरलेली. माईक लावलेला. आमच्याकडं कोणीही काहीही करायला आला की आधी त्याचा सत्कार होतो. विहीर खोदायला आलेल्या मशीनवाल्याचाही होतो. पाणी लागायच्या आधीच. शाल, नारळ, टोपी. बहिरूला राकेशनं शाल घातली, नारळ दिला, आणि माईकवरून सांगितलं, "आपल्या दगूनानांचा बहिरू, ज्याचं नाव आज नाशकात गाजून राह्यलंय." नाना पुढच्या खुर्चीत बसले होते. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. कुसाबाई बायकांत होती. अख्खं गाव होतं, आणि गावातला एकेक मोबाइल बाहेर निघाला होता.

मग सगळे उठून गिरणीमागं गेले. लाकडी तिकाटणं गाडीतच राहिलं. ते बाहेर काढायला कोणी उसंतच दिली नाही. शाल खांद्यावर, लाडू हातात, अन् भोवती गर्दीचं रिंगण. राकेशचा चुलतभाऊ सुनील तर मोबाइल असा लाडवाला भिडवून उभा, की काचेवरचा आकडा दिसावा. तो लाइव्ह दाखवत होता.

बहिरूनं तोंड उघडलं. "सगळ्यांनी जरा मोबाइल..."

"दिसूंदे की," राकेश म्हणाला. "मंबईची पोरं बघून राह्यलीत. पुन्याचा जावई बघून राह्यलाय. तू मोज."

"बंद केले तर बरं..."

मागून कोणीतरी म्हणालं, "लाजतोय व्हय रे? नवरदेवासारखा उभा राह्य." हशा झाला. नानाही हसले. बापाला तसं चारचौघांत हसताना बहिरूनं पाहिलं नव्हतं. त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

मशीनचं बटण तेव्हा अशा खुणेवर होतं की सगळ्यात मोठा आकडा दिसला की मशीन तो तसाच धरून ठेवी. सरकारनं ठरवलेली मर्यादा कुठं ओलांडली जाते ते शोधायला ते असतं. सरासरी घ्यायची तर ते बदलावं लागतं. बहिरूनं बदललं नाही. लोकांना नाचता आकडा कसा समजणार, असं त्यानं मनाशी म्हणून घेतलं. आकडा चढला, थांबला, अजून चढला. मर्यादेच्या रेघेच्या वर गेला आणि तिथंच बसला. सगळे बहिरूच्या तोंडाकडं पाहू लागले, आणि त्या क्षणी बहिरूला वाटलं की आपण खरोखरच कोणीतरी आहोत.

"मर्यादेच्या वर आहे," तो माईकमधून म्हणाला.

गिरणीच्या दाराशी भागीबाई उभी होती. पदरावर, भुवयांवर पीठ. ती म्हणाली, "बहिरू, नीट पाह्यलं का रे?"

सगळ्यांची मान तिच्याकडं वळली. बहिरूलाही वळवावी लागली.

"मावशी, मशीन खोटं बोलत नाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून गिरणी ओस पडली. कोणी ठराव केला नाही, दवंडी दिली नाही. पण टॉवरखालचं पीठ खायचं कसं, असं एकीनं म्हटलं आणि दुसरीनं डबा उचलला. शेजारच्या गावात गिरणी होती, तिकडं लोक दळण नेऊ लागले. भागीबाई रोज सकाळी शटर उघडायची, जातं झाडायची, बाकावर बसायची. दुपारी शटर ओढायची. टॉवर मात्र होता तिथंच उभा होता. कंपनीला अर्ज गेला, तो कुठंतरी फिरत होता. अर्ज फिरेपर्यंत गावानं बाई सापडली तिला धरलं.

बहिरूला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्याकडं फक्त व्हिडिओ होता. तो त्यानं ऑफिसात दाखवला नाही, घरी मात्र कितीदा पाहिला असेल. नाशकात पाथर्डी फाट्यावरच्या त्याच्या खोलीत जेवताना त्यानं तो बायकोला पुन्हा दाखवला. वैष्णवी पोळी लाटत होती, तिनं वाकून पाहिलं.

"सासऱ्यांची टोपी छान दिसते," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि हा कोण बाई? मोबाइल अगदी लाडवाला चिकटवून उभा. मध्ये मध्ये करतोय. लांब सरकायला नाही का सांगायचं?"

बहिरूच्या हातातला घास हातात राहिला.

त्यानं व्हिडिओ मागं नेला. सुनीलचा हात. हाताच्या पंज्यात मोबाइल, आणि मोबाइल आणि लाडू यांच्यात वीतभरही अंतर नाही. दुसऱ्या बाजूनं अजून एक. खालून एक. भागीबाईच्या जागेतला टॉवर ज्या कंपनीचा होता तिचं कार्ड गावात थोड्यांकडं होतं. बाकीच्यांचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, जिचा टॉवर पार चांदवडला. टॉवर जितका लांब, तितका मोबाइल मोठ्यानं ओरडतो. आणि सुनील तर लाइव्ह करत होता, म्हणजे त्याचा मोबाइल श्वास न घेता चांदवडपर्यंत हाक मारत होता, लाडवाच्या कानात. मशीननं जे ऐकलं ते सांगितलं. मशीन खोटं बोललं नव्हतं. त्यानं मोजला होता तो बहिरूचा सत्कार.

"काय झालं?" वैष्णवीनं विचारलं.

"काही नाय. मीठ कमी आहे."

मीठ बरोबर होतं.

त्यानंतर बहिरूनं जे केलं ते कोणीही करतो. काही केलं नाही. मनात म्हणाला, टॉवर जास्तही असेल, कोण सांगावं. मग म्हणाला, गाव काय टॉवर पाडणार आहे, चार दिवसांत विसरतील. गावाकडचा फोन आला की तो बाथरूममध्ये जायचा. गच्चीवर मोजायला गेला की सगळ्यांचे मोबाइल इतक्या कडकपणे बंद करायला लावायचा की एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं सरांकडं तक्रार केली. सर नुसते बहिरूकडं पाहायचे. बहिरूला वाटायचं, सरांनी व्हिडिओ पाहिलाय. पाहिला नसेल तर पाहतील. रस्त्यात पिठाच्या गिरणीवरून जाताना जात्याचा आवाज आला तरी तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा. अर्थात गिरणीचं काय झालं हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. पायांना मात्र काहीतरी ठाऊक असावं.

शेवटी आईचा फोन त्यानं उचलला.

"फोन का नाय उचलत रं? बरं हाय ना?" कुसाबाई धापा टाकत होती.

"धावून आलीस का कुठून?"

"दळन घिऊन आले. लांब पडतं बाबा. डबा डोक्यावर, ऊन हे असं. अन् त्या गिरनीवाल्याचं पीठ निव्वळ जाड, भाकर फाटती."

"भागीमावशीची गिरणी?"

"आता कसं जायचं तिच्याकडं? तूच तर सांगितलं ना मशीन लावून. कोनी जात नाय. परवा मी वाटंनं चालले व्हते, ती बाकावर बसली व्हती. मी खाली मान घालून निघून आले. तिनं हाक बी नाय मारली." मग म्हणाली, "नाना म्हनले, आपनच गेलो तर पोराचं काय राहतं."

आईनं खाली घातलेली मान खरं तर त्याची होती. ती तिला भर उन्हात, डोक्यावर डबा घेऊन घालावी लागली होती.

पुढच्या सुट्टीला तो सरांकडं गेला आणि मशीन मागितलं. सरांनी कशाला ते विचारलं नाही. लाकडी तिकाटणं स्वतः काढून त्याच्या हातात दिलं. तेवढं पुरेसं होतं. बहिरू ते काखेत मारून बाहेर पडला.

गावात तो भल्या पहाटे पोचला, म्हणजे कोणी पाहू नये. गिरणीमागं तिकाटणं लावलं. मोबाइल गाडीत ठेवला, तोही बंद करून. लाडू बसवला, लांब जाऊन बोरीखाली उभा राहिला. सहा मिनिटं. जागा बदलली. कांद्याच्या चाळीचा पत्रा होता तिकडं दोन जागी आकडा थोडा वाढला, पत्र्यापासून सरकल्यावर उतरला. गुडघ्याला, छातीला, डोक्याला. मग पारावर, मग शाळेसमोर. आकडा कुठं मर्यादेच्या पुढं जाणं लांबच, पार तळाला होता. चुलीत विस्तव आहे का नाही असं राख फुंकून पाहावं लागतं, तसा.

मशीन गुंडाळताना त्याला वाटलं, एक काम करू. भागीमावशीला सांगू, पाया पडू, ती मोठ्या मनाची आहे, ती हळूहळू चौघींना सांगेल आणि प्रकरण विझेल. आपलं नाव मध्ये यायचं कारण नाही.

भागीबाई शटर उघडत होती. तिनं त्याला तिकाटण्यासकट पाहिलं आणि आत जाऊन झाडू उचलला.

"मावशी, माझी चूक झाली," बहिरू म्हणाला. "त्या दिवशी लोकांच्या मोबाइलचा आकडा आला. टॉवरचा नव्हता. आत्ता नीट मोजलं. काही नाय. तुझी गिरणी..."

"मला काय सांगून राह्यला?" ती झाडू घेऊन जात्याखालचं झाडत होती. झाडायला तिथं काही नव्हतं. "मी काय मोजायला आले व्हते?"

"नाय, पण म्हटलं तुला आधी..."

"त्या दिवशी मला आधी सांगितलं व्हतं का?"

बहिरू तिकाटणं या हातातून त्या हातात घेत राहिला.

"माईक घिऊन बोलला व्हता तू. आता कानात येऊन बोलतो." तिनं झाडू आपटून उभा ठेवला. "जिथं बोलला तिथं बोल. मला तोंड हाय, पर मी सांगितलं तर म्हनतील बाई आपली पोळी भाजून राह्यली."

"नाना तिथं असतील, मावशी."

हे तोंडातून गेल्यावर बहिरूला कळलं की हे बोलायचं नव्हतं. भागीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. लहानपणी डब्यातलं पीठ सांडून आलेल्या पोराकडं पाहतात तसं.

"त्या दिवशी बी व्हते," ती म्हणाली.

संध्याकाळी पारावर माणसं जमतात तेव्हा बहिरू गेला. माईक नव्हता. शाल नव्हती. राकेश, सुनील, म्हातारे, पोरं, बाजूला पाण्याला निघालेल्या बाया. नाना पाराच्या कडेला, टोपी नेहमीची.

"त्या दिवशी मी चुकीचं मोजलं," बहिरू म्हणाला.

कोणाला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा जड गेलं.

"आँ?" राकेश म्हणाला. "म्हंजे कमी निघाला का जास्ती?"

"टॉवरचा आकडा लय कमी हाय. जो आला तो तुमच्या मोबाइलचा व्हता. मला बंद करायला लावायचे व्हते. मी लावले नाय." गावाकडची बोली त्याच्या तोंडात आपोआप आली होती.

"का नाय लावले?" एका म्हाताऱ्यानं साधेपणानं विचारलं.

ह्या प्रश्नाला मशीनमध्ये उत्तर नव्हतं. बहिरूनं नानांकडं पाहिलं नाही. "माझा व्हिडिओ निघत व्हता म्हनून," तो म्हणाला.

राकेश हसला. "भैरव सायेब, कंपनीचा चहा लय गोड लागला वाटतं."

"मी कोनाचा चहा घेतला नाय."

"मंग मशीन त्या दिवशी खरं बोललं का आज?"

"दोन्ही दिवशी. मीच त्या दिवशी खरं नाय बोललो."

नुसत्या बोलण्यानं होणार नव्हतं. त्यानं लाडू तिकाटण्यावर लावला आणि कांद्याची एक रिकामी पाटी मागवली. सगळ्यांचे मोबाइल बंद करून पाटीत टाकायला सांगितले. मोबाइल काढून देताना माणसांची तोंडं अशी झाली जणू कोणी अंगठी मागतंय. पाटी लांब नेऊन ठेवली, सगळ्यांना मागं सरकवलं. आकडा तळाला. सगळ्यांनी जवळ येऊन पाहायचं म्हटलं तर अंगांच्या गर्दीनं आकडा बिघडला असता, म्हणून बहिरूनं दोघा म्हाताऱ्यांना तेवढं आणून दाखवलं. मग त्यानं सुनीलला म्हटलं, "आता तुझा चालू कर. त्या दिवशीगत लाइव्ह कर. आन इकडं, लाडवाजवळ."

सुनीलनं हात पुढं केला. आकडा उडाला. मर्यादेच्या वर.

"आयला," सुनील म्हणाला, आणि मोबाइल मागं घेतला. आकडा पडला. पुढं नेला, चढला.

बहिरूनं मनाशी बरीच तयारी केली होती. शिव्या येतील, कोणी कॉलर धरील, राकेश बापाचा उद्धार करील. तसं काही झालं नाही. माणसांना गंमत वाटली. "माझा लाव, माझा लाव," असं सुरू झालं. कोणाचा मोबाइल जास्त ओरडतो याची शर्यत लागली. ज्याचा आकडा मोठा आला त्याला टाळ्या. एकजण म्हणाला, "माझ्या बायकोला फोन लाव, मंग बघ काटा." हसून हसून लोक बेजार झाले. बहिरू मध्ये उभा होता तिकाटणं धरून, अन् त्याच्या लाजेचा पोरखेळ चालला होता. रागावले असते तर त्याला काहीतरी फेडल्यासारखं वाटलं असतं. तेही कोणी केलं नाही.

खेळ ओसरल्यावर राकेशनं विचारलं, "मंग माशा का नाय आल्या?"

"ते मला माहीत नाय. ते या मशीनवर येत नाय."

"फवारा जास्ती झाला असंल," पाण्याला निघालेल्यातली एक बाई म्हणाली. त्यावर मात्र सगळे पुरुष एकदम घराकडं निघाले.

नाना केव्हाच उठून गेले होते. बहिरू घरी पोचला तर ते ओट्यावर बसून दोरी वळत होते. पोराकडं न बघता म्हणाले, "मला आधी सांगायचं. मी त्या खुर्चीवर बसलो नसतो." एवढंच. इस्त्रीची टोपी खुंटीला होती, वर पिशवी घातलेली. ती पिशवी नानांनी पुन्हा कधी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर गर्दी झाली. शेजारचं गाव लांब होतं, ऊन होतं, आणि गावाला फक्त निमित्त हवं होतं. बाया डबे घेऊन आल्या, काही झालंच नव्हतं अशा बोलल्या. "बाई, तिकडचं पीठ निव्वळ भरड." "तुझ्या हाताला सर नाय." भागीबाई हूं हूं करत होती आणि दळत होती.

कुसाबाईनं डबा भरला. ज्वारी. मग तो उचलला नाही. बहिरूकडं पाहिलं. बहिरूनं तो उचलला आणि खांद्यावर घेऊन गावातून निघाला. नाशकाचा भैरव सर डबा घेऊन चाललेला पाहून पारावरच्यांना पुन्हा हसू फुटलं. "लाडू कुठं हाय, सायेब?" "आज पीठ मोजनार का?"

गिरणीत शिरला. बाया बाजूला सरकल्या.

"मावशी, दळण."

भागीबाईनं मान वर केली नाही. "ठिव तिकडं. नंबर लाव."

त्यानं रांगेच्या शेवटी डबा ठेवला आणि बाकावर बसला. त्याच बाकावर, जिथं ती रिकामी बसायची. जातं घरघरत होतं. एकेक डबा पुढं सरकत होता. नवीन बाई आली की भागीबाई तिचा डबा उचलून बहिरूच्या डब्याच्या पुढं ठेवायची. एक म्हातारी म्हणाली, "अगं, हा कवाचा बसलाय," तर भागीबाई म्हणाली, "त्याला काय घाई." बहिरूच्या केसांवर, शर्टावर पीठ बसत गेलं. त्यानं ते झटकलं नाही. येणारी जाणारी त्याला पाहत होती, आणि पाहू देण्याव्यतिरिक्त त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतं.

दुपार टळली तेव्हा पुढचे सगळे डबे संपले. एकटाच राहिला. भागीबाईनं डबा उचलला, झाकण काढलं, ज्वारीत हात घालून खडा बघितला. आणि लाईट गेली. जात्याचा आवाज बारीक होत होत थांबला.

दोघंही थांबलेल्या पट्ट्याकडं पाहत राहिले.

"आता सकाळपस्तोर येत नाय," ती म्हणाली, आणि डबा त्याच्यापुढं ठेवला. "ने. उद्या आन."

"इथंच ठेवू का?"

"नको. ने."

बहिरू डबा खांद्यावर घेऊन तसाच निघाला, पिठानं पांढरा, डब्यात ज्वारी तशीच. पारावरून जावं लागतं, दुसरी वाट नाही. यावेळी कोणी हसलं नाही, उलट एकानं विचारलं, "झालं का दळन?"

"नाय झालं," बहिरू म्हणाला.

घरी येऊन त्यानं सरांना फोन लावला. उद्या गंगापूर रोडला मोजणी ठरलेली होती.

"सर, उद्या येत नाय."

"का रे? काय झालं?"

"दळण राहिलंय."

मागं कुठंतरी सरांकडं कुकरची शिट्टी झाली.

"बरं," ते म्हणाले. "दळूनच ये."